गांगेश्वराची चूक

"देव नाही, हे पहिलं वाक्य. मान्य?" सामंत डॉक्टरांनी विचारलं.

"मान्य," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

"मग दुसरं वाक्य काय?"

"दुसऱ्या वाक्याची गरजच काय?" नाना तेरसे कडाडले. "देव नाही. पूर्णविराम. त्यापुढे बोलायला लागलात की हळूहळू आरतीपर्यंत पोचता!"

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातला तो रविवार. जागा नानांच्या घरची पडवी. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर आणि आमच्या खाजणवाडी निरीश्वर मंडळाचे अध्यक्ष. एकूण सभासद सात. त्यांतले दोघे नानांचे भाचे होते, ते मामींच्या हातच्या पोह्यांसाठी येतात असा माझा संशय होता, पण सभासद ते सभासद. मी कार्यवाह. म्हणजे वहीत लिहायचं काम माझं.

भांडण पाटीवरून होतं. दारावरची जुनी पाटी गंजली होती. डॉक्टरांचं म्हणणं, नवी करतोच आहोत तर 'मानवतावादी मंडळ' असं नाव घालू. नानांचं म्हणणं, आपण नास्तिक आहोत, हे नवीन लचांड कशाला? डॉक्टर म्हणाले, दोन्हींत फरक आहे. नाना म्हणाले, फरक लेखी द्या. तेव्हा 'मानवतावाद व नास्तिकता यांतील फरक' हा विषय क्रमांक तीन झाला आणि त्याच्यावर पावणेदोन तास गेले. मी वहीत मथळा लिहून खाली अर्धं पान कोरं सोडलं होतं. फरक ठरला की उतरवून घ्यायचा.

आणि एवढा सगळा वेळ शेवंती मेस्त्री अंगणात, पायरीच्या खाली, रिकामी कळशी घेऊन उभी होती.

तिला कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही. सभा चालू होती ना!

शेवंती म्हणजे गावची सुईण. पन्नाशीची बाई, नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. खाजणवाडीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तीन वर्षांपूर्वी पालखीच्या दिवशी वरच्या वाडीतली वैजयंता अडली. मूल पायाळू. निरोप आला तशी शेवंती धावत सुटली आणि वाटेत पालखी आली. पालखी जाऊ द्यायची तर अर्धा तास मोडतो. ही बया पदर खोचून पालखीच्या पुढून आडवी पळाली! वैजयंता वाचली, पोर वाचलं. गाव मात्र खवळलं. देवाला कौल लावला. कौल डावा आला, म्हणजे देव नाराज. ठरलं, की शेवंतीने देवळाच्या विहिरीवर पाणी भरायचं नाही आणि तिच्या घरात कुणी पाऊल ठेवायचं नाही, देव पुन्हा उजवा कौल देईपर्यंत.

आमचं गाव खाडीच्या काठी. सगळ्या विहिरी खारट, गोडं पाणी फक्त देवळाच्या विहिरीला. शेवंती तीन वर्षं मैलभर लांबच्या व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी आणत होती. गंमत म्हणजे बाळंतपणाला तीच लागायची. लोक कुंपणापाशी उभे राहून हाक मारायचे, ती जाऊन मूल काढायची आणि पाण्याचा घोटही न घेता परत यायची. नाळ कापलेली चालते, पेला उष्टावलेला चालत नाही. आमच्या मंडळाने याचा कडक निषेध केला होता. पाणी समितीसुद्धा नेमली होती, पाळीपाळीने तिच्या दारात दोन कळशा पोचवायच्या. समिती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी नानांच्या भाच्याची कंबर धरली.

शेवटी नाना पाणी प्यायला थांबले, तेव्हा शेवंतीने तोंड उघडलं.

"मास्तर, व्हाळ सुकलो," ती मला म्हणाली. मी गावच्या शाळेत शिकवायचो. "मंगळवारच्या गाडीन मी वेंगुर्ल्याक भावाकडे जातंय. कायमची. पन तेच्याआधी एक सांगूक इलंय. उद्या सोमवार आसा. तुमी एकदाच देवळात येवा. कौल लावून घेवया."

मी हसलो. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण हसलो खरा. "शेवंतीबाय, कौल खाजणवाडीतून हद्दपार झालाय. मी पत्रक काढलं होतं ना?"

"हद्दपार खय झालो? तो अडकलो. तुमच्यापायी."

नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

आता हे समजावून सांगायला हवं. आमचं परबांचं घर मानकऱ्यांचं. गाभाऱ्यात गुरवाच्या बाजूला उभं राहून गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान आमच्या घरच्या कर्त्या पुरुषाचा. मानकरी उभा नसेल तर कौल लागतच नाही. शेवंतीचा तो कौल माझ्या वडिलांनी लावला, पुढच्या पंधरवड्यात वडील गेले आणि मान माझ्याकडे आला. मी म्हटलं, हाड! मी नास्तिक, मी देवळाची पायरी चढणार नाही. तीन वर्षं कौल लागला नाही. मला वाटलं, मी एकट्याने अंधश्रद्धा संपवली.

प्रत्यक्षात गाव माझी वाट बघत होतं. राऊळांचा गोठा अडला होता, दुसऱ्या मेस्त्रींच्या चेडवाचं, म्हणजे मुलीचं, लग्न अडलं होतं, दशावताराची तारीख अडली होती. कुणी मला शब्दाने बोललं नाही. मास्तरांची इच्छा होईल तेव्हा होईल, म्हणून सगळे शांतपणे थांबले होते. आणि शेवंतीची शिक्षा देवाच्या उजव्या कौलावर टांगलेली, तो कौल माझ्यावर टांगलेला. तीन वर्षं ती बाई व्हाळावर जात होती ती निम्मी देवामुळे आणि निम्मी, देव नाही म्हणणाऱ्या माझ्यामुळे.

"आपण सत्याग्रह करू," डॉक्टर उसळून म्हणाले. "उद्या सातही जण तिला घेऊन विहिरीवर जाऊ. बघू कोण अडवतो!"

"नको हो डाक्टर," शेवंती म्हणाली. "तुमी भांडान घराक जाशात. माका हयच रवाचा आसा."

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कार्यवाह देवळात गेला तर मंडळ बुडालं. पण आपण हुकूमशहा नाही. मत घेऊ."

मत घेतलं. मी संबंधित म्हणून बाजूला. तीन विरुद्ध तीन. भाचे दोन बाजूंना गेले, त्यावरून मामा रागावले. मग अध्यक्षांचं जादा मत पडलं: कार्यवाहाने देवळात जाऊ नये. पाठोपाठ दुसरा ठराव एकमताने झाला: श्रीमती शेवंती मेस्त्री यांच्याविषयी मंडळाला संपूर्ण सहानुभूती आहे. त्याची नक्कल मी सुवाच्य अक्षरात काढली, नानांनी शिक्का मारला आणि ती शेवंतीच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद नीट घडी करून कळशीत टाकला आणि "बरा हा" म्हणून निघून गेली.

मी वही मिटली. पोहे आले. मला काही ते गिळेनात.

संध्याकाळी मी बाबी गुरवाकडे गेलो. बाबीकाका सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे. चाळीस वर्षं गांगेश्वराची पूजा करत आलेले. देवळामागच्या खोपटात एकटे राहायचे. मी नानांच्या धाकाने मंडळात पुस्तकी बोलायचो, पण इथे आपली मालवणीच.

"बाबीकाका, उद्या मी इलंय तर कौल लागतलो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हरवलेली गाय दारात आली. "लागतलो तर! तू आंघोळ करून ये म्हणजे झाला."

"पन उजवो होयो." मी आवाज बारीक केला. "पाकळ्यो चिकटवणारे तुमीच. उजवेक पाणी जरा कमी लावलास तर..."

म्हातारा ताडकन उठला. "यशवंता! चाळीस वर्सां झाली. एक पाकळी हयची थय केली नाय. माज्या बापाशीन केली नाय. तुजो इस्वास नाय, ता तुजा तू बघ. पन तेच्यासमोर लबाडी करूक माका सांगू नको!"

मी खाली मान घालून परत आलो. रात्रभर पंचनामा चालला होता डोक्यात. सकाळी आंघोळ केली, वडिलांचं सोवळं पेटीतून काढलं आणि आईच्या पुढ्यात उभा राहिलो. तिने एकदा बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, पोराला देव भेटला. कसं सांगणार, की मला देव नाही, शेवंती भेटली होती?

देवळापाशी ही गर्दी! मी येतोय हे कुणी सांगितलं देव जाणे. बरं, देव कसला जाणतो, बाबीकाकांनीच सांगितलं असणार. ढोल वाजले, शंख वाजला. राऊळ गोठ्याच्या प्रश्नासकट आले होते. मेस्त्रींचं चेडू नव्या साडीत. आणि महाद्वाराशी नाना, दोन्ही भाच्यांसह, दंडाला काळी फीत लावून, हातात पुठ्ठ्याचा फलक: 'कार्यवाहांचा निषेध असो.' उन्हात उभे. देवस्थानच्या लोकांनी त्यांना सावलीत बसा म्हणून दोनदा विनवलं. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे ते हलले नाहीत. डॉक्टर कुणाच्याच बाजूला नको म्हणून वडाखाली उभे राहिले.

शेवंती विहिरीच्या कठड्यापासून वीस हात लांब, कळशी घेऊन.

गाभाऱ्यात फक्त आम्ही दोघं. काळी उभी मूर्ती. बाबीकाकांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन खांद्यांना लावल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाहेरच्यांना दिसतात ती फक्त आमच्या पाठी.

"गाऱ्हाणा घाल," ते कुजबुजले.

वडिलांचं गाऱ्हाणं मला पाठ होतं. लहानपणापासून ऐकलेलं, प्रत्येक वाक्याला मागून अख्ख्या गावाचं "व्हय म्हाराजा!" पण तोंड उघडलं आणि खोटं बोलवेना. मंडळाच्या नियमावलीचं पहिलंच कलम ते होतं, सत्य तेच बोलावे. म्हणून मी खरं तेच बोललो.

"बा गांगेश्वरा! मी तुका मानीत नाय!"

"व्हय म्हाराजा!" मागून गाव गर्जलं.

मी दचकलो. पण आता माघार कसली?

"तू आसस, असा माका कधी वाटूकच नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दगडात कोण नाय, वर आभाळात कोण नाय!"

"व्हय म्हाराजा!" आवाज चढत चालला होता. सवयीचा गुण! तीन वर्षांचं साठलेलं "व्हय म्हाराजा" बाहेर पडत होतं. दारापाशी नाना फलक खाली धरून आ वासून बघत राहिले. तीस वर्षं पत्रकं वाटून जे झालं नाही ते अख्खं गाव एका दमात कबूल करत होतं.

बाबीकाका डोळे मिटून उभे होते. मला वाटतं, ते माझ्या वतीने माफी मागत असावेत.

मी श्वास घेतला. "पन शेवंती आसा!"

आता मात्र गाव अडखळलं. एखाददुसरा पुटपुटला.

"ती आसा. तिका तहान लागता. ती पालखीक आडवी गेली, कित्याक तर वरच्या वाडयेत एक पोर पायाळू येय होता. आज ता पोर तीन वर्सांचा झाला. तेच्या आवशीन सांगूचा, ही बाय त्या दिशी वाटेत उभी रवाक होयी होती?"

बायकांच्या बाजूने एक बारीक, रडवेला आवाज आला. वैजयंताचा. "नाय, म्हाराजा."

गाऱ्हाण्यात "नाय" कुणी कधी म्हटलं नव्हतं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकेक करून सगळे म्हणाले, "नाय, म्हाराजा."

आणि आम्ही पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो.

नऊ वाजले होते. दहा वाजले. पाकळ्या हलेनात. साडेदहाला नानांच्या धाकट्या भाच्याला घेरी आली, त्याला सावलीत नेऊन पन्हं पाजलं. अकरा वाजले. माझ्या अंगाची घामाने आंघोळ झाली. मी, खाजणवाडी निरीश्वर मंडळाचा कार्यवाह, एका दगडावरच्या पाकळीकडे टक लावून ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, "पड गो बाय, पड ना गो!" कुणाला म्हणत होतो ते विचारू नका.

साडेअकराला पाकळी पडली.

डावी.

मी बाबीकाकांकडे बघितलं. ते त्या पाकळीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून मूर्तीच्या डोळ्यांत बघितलं, अगदी सरळ, शेजाऱ्याकडे बघावं तसं. मग वाकले, डावी पाकळी उचलली, तोंडात टाकली आणि चावून गिळली! उजवी पाकळी अंगठ्याने सोडवली आणि खाली ठेवली.

"उजवी!" ते ओरडले. आवाज फाटला होता. मग रीतीप्रमाणे मला विचारलं, "मानकऱ्यान बगल्यान?"

सत्य तेच बोलावे. कलम एक.

"बगलंय!" मी ओरडलो. "उजवी!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. ढोल सुरू झाले. राऊळ आपल्या गोठ्यासाठी पुढे घुसले.

बाहेर आलो तर शेवंती विहिरीवर वाकली होती. तीन वर्षांत सवय मोडली होती. रहाटाची दोरी तिच्या हातातून सुटणार, तेवढ्यात वैजयंताने येऊन दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून कळशी वर ओढली. शेवंती आधी स्वतः प्यायली नाही. महाद्वाराशी गेली आणि नानांसमोर कळशी कलती धरली. "पियां, नाना. सकाळपासून उन्हात आसास."

नानांनी फलक काखेत धरला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि प्यायले. पुढच्या रविवारी त्यांनी मला मंडळातून काढलं, नियमाप्रमाणे. पण त्या दिवशी ते तीन ओंजळी प्यायले.

दिवेलागणीला सभेची वही काखेत मारून मी बाबीकाकांकडे गेलो. मी खूश होतो हो, खोटं कशाला सांगू. आपण जिंकलो असं वाटत होतं. म्हातारा पायरीवर बसला होता, तोंड उतरलेलं.

"काका, काय काम केलास तुमी!" मी म्हटलं. "आपन दोघांनी मिळून."

"दोघांनी?" ते म्हणाले. "तू खोटा बोललंस ता माणसांसमोर. तुजा काय गेला? मी तेच्यासमोर बोललंय. चाळीस वर्सांत पयल्यांदा."

"मग आता?"

"आता काय? दिवो लावताना सांगितलंय तेका. म्हटलंय, बाबा रे, तुजी चूक झाली. तीन वर्सां आदी पन झाली आनि आज पन झाली. मी सावरून घेतलंय. माका शिक्षा करूची तर कर, पन त्या बायेक पाणी भरूक दी."

मी त्यांच्या बाजूला पायरीवर बसलो.

"तेनी काय सांगितल्यान?"

"गप रवलो." बाबीकाकांनी खांदे उडवले. मग माझ्याकडे वळून बघितलं. "आनि तुजा काय? तीन वर्सां तू पन तिका अडवन ठेवलंस. माका माजो देव आसा चूक सांगूक. तुका कोण आसा?"

मी उठलो. उत्तर वाटेत शोधत गेलो. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शेवंतीचं घर देवळापासून सव्वाशे पावलांवर होतं. तीन वर्षांत त्या घरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं, आमच्या पाणी समितीनेही कळशा उंबऱ्याबाहेरच ठेवल्या होत्या. मी उंबरा ओलांडून आत गेलो.

कोपऱ्यात भरलेली कळशी होती. तिच्या तोंडावर झाकण म्हणून आमच्या ठरावाची घडी ठेवली होती, नानांचा शिक्का वर.

"शेवंतीबाय," मी म्हटलं, "माजी चूक झाली."

ती चुलीपाशी होती. वळून कळशीपाशी आली. मग तिने ठराव उचलून बाजूला ठेवला, पेला बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"बसा मास्तर. आदी पाणी पियां. मगे सांगा."

मी बसलो, पाणी प्यायलो आणि मग तिला सगळं सांगितलं.

त्या सभेची वही अजून माझ्याकडे आहे. विषय क्रमांक तीन, खाली अर्धं पान कोरं. डॉक्टर जाईपर्यंत विचारायचे, लिहिलंस का रे काही? मी म्हणायचो, राहूनच गेलं. खरं तर त्या पानावर पाण्याचा एक गोल डाग आहे. त्या संध्याकाळी काखेतली वही मी शेवंतीच्या घरी उघडून ठेवली होती आणि पेला त्याच पानावर टेकवला होता.